उकंडरावांचा मालगुजार

धामणखेड्याच्या दवाखान्यात त्या काळी आम्ही तिघं होतो. मी नर्स, कंपाउंडर उकंडराव आणि मालगुजार. डॉक्टर वर्ध्याहून मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी येत आणि दुपारच्या मोटारीने परत जात, म्हणून त्यांना मी यात धरत नाही. मालगुजार म्हणजे घोरपड. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ माझ्याएवढी लांब, मातकट रंगाची, आणि स्वभावाने कोणाचीच नसलेली.

उकंडराव आणि त्यांची घोरपड ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये, लग्नानंतर सासरी, पुढे सुनांना. ऐकणारे पोट धरून हसतात. मी ती नेहमी एका ठरावीक जागी थांबवते आणि त्यांना वाटतं, संपली. आता वय झालं. पुढचं सांगून टाकते.

उकंडराव तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. बुटके, रुंद, अंगात खादीचा सदरा नि डोक्यावर टोपी. वर्ध्याकडे तेव्हा निम्मा जिल्हा खादी घालायचा, त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते नाव. त्यांच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मल्याबरोबर आजीने त्यांना उकिरड्यावर लोळवून आणलं, की हे टाकलेलं पोर आहे असं समजून मरणाने त्याच्याकडे बघू नये. त्यावरून उकंडा, आणि कंपाउंडर झाल्यावर उकंडराव. "मी उकिरड्यातला माणूस, बाई," ते म्हणायचे, "मले काई होत नाई." खरंच, साथीच्या दिवसांतही त्यांना कधी शिंक आलेली मी पाहिली नाही.

पेशंट तेव्हा औषधाला बाटली घरून आणत. उकंडराव आधी ती नाकाशी धरत.

"यात काल काय व्हतं?"

"रॉकेल, कंपाउंडरजी. पर धुतली."

"मंग आज रॉकेल पोटात जाईन अन् उद्या पेटशीन. जा, राख लावून धुऊन आण."

बाटलीवर चिकटवायची कागदाची दातेरी पट्टी, म्हणजे एक दाता एक डोस, ती ते बोलता बोलता न बघता कापायचे. सहा दाते म्हणजे सहाच आणि सगळे सारखे. मग औषध कसं घ्यायचं ते पेशंटकडून तीनदा वदवून घेत. एक बहिरे आजोबा होते. ते इतक्या जोरात सांगत की दोन वेळा पडवीतल्या दुसऱ्याच पेशंटने आजोबांचा डोस स्वतःचा समजून घेतला.

त्यांचा खरा देव होता स्टोव्हवरचं पातेलं. सुया, कात्र्या, रबरी हातमोजे त्यात उकळायचे. काम झालं की पातेलं घासून, पुसून, फळीवर पालथं ठेवायचं आणि वर पांढऱ्या फडक्याची घडी. पाण्याला खळखळून उकळी आल्यापासून घड्याळात बघून वीस मिनिटं. मी नुकती ट्रेनिंग संपवून आलेली, बावीस वर्षांची, स्वतःला शहाणी समजणारी. एकदा पंधराव्या मिनिटाला झाकण काढलं. उकंडराव म्हणाले, "बाई, जंतूले घड्याळ समजत नाई. तुमाले तं समजते ना?" मी ओशाळून झाकण परत ठेवलं.

मी रुजू झाले त्याच उन्हाळ्यात घोरपड आली. बाजाराचा दिवस होता. एक फिरता वैदू दवाखान्याच्याच पडवीत पथारी मांडून बसला आणि गुडघेदुखीवर घोरपडीचं तेल विकू लागला. गिऱ्हाइकांची खात्री पटावी म्हणून जिवंत घोरपड समोर ठेवलेली. तिचे चारी पाय पाठीवर ओढून बांधले होते आणि बांधायला दोरी वापरलेली नव्हती. तिच्याच बोटांतल्या शिरा ओढून काढून त्यांच्या गाठी मारल्या होत्या. तोंड सुतळीने शिवलेलं. फक्त पोट वरखाली होत होतं.

उकंडराव हातात खल घेऊन बाहेर आले.

"सोडून दे तिले," ते म्हणाले.

"साहेब, हे माहं पोट हाय," वैदू म्हणाला. "तुमी तुमच्या बाटल्या सोडून देता काय?"

उकंडराव आत गेले आणि छत्री घेऊन आले. नागपूरहून आणलेली, मुठीला नक्षी असलेली, एका पावसाचंही पाणी न लागलेली. ती त्यांनी वैदूसमोर ठेवली. वैदूने उघडून पाहिली, मिटली, आणि घोरपड पुढे सरकवली. तो पावसाळा उकंडरावांनी पोतं पांघरून काढला.

ड्रेसिंगच्या टेबलावर तिला ठेवून त्यांनी एकेक गाठ कापली. शेपूट धरायचं काम माझं. पहिला पाय सुटताच तिने अशी शेपूट मारली की माझ्या मनगटावर आठवडाभर वळ होता. "चूप राह्य माय, चूप राह्य, झालंच," असं ते तिला म्हणत होते, बाळंतिणीला म्हणावं तसं. तीन पाय हळूहळू सुधारले. मागचा डावा मात्र कायमचा लुळा राहिला.

तिला ठेवलं कॉलऱ्याच्या खोलीत. साथ आली तर वापरायला दवाखान्याला लागून बांधलेली ती एकच खोली. दोन-तीन वर्षं साथ आली नव्हती. तिची एक भिंत माझ्या बाळंतिणीच्या खोलीला लागून होती.

त्या खोलीला उंचावर एक लहान खिडकी होती. सकाळी तिच्यातून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडे आणि घोरपड त्या चौकोनात पोट पसरून, डोळे अर्धे मिटून पडून राही. ऊन सरकेल तशी तीही सरके. "पाहा बाई," उकंडराव एकदा म्हणाले, "मालगुजारी गेली, पर बसणं गेलं नाई." आमच्याकडे मालगुजाऱ्या नुकत्याच खालसा झालेल्या. गावचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार, बापूसाहेब अजून चौसोपी घराच्या ओसरीवर तसेच लोडाला टेकून बसत. त्यामुळे घोरपडीला मालगुजार हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. बापूसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते हसले नाहीत.

बापूसाहेबांचे गुडघे धरलेले होते. त्यांनी माणसाबरोबर निरोप पाठवला, घोरपडीची चरबी पाहिजे. उकंडरावांनी त्याच माणसाबरोबर चोळायच्या लिनिमेंटची बाटली पाठवली, सहा दात्यांच्या पट्टीसकट, आणि लिनिमेंट पोटात घ्यायचं नाही हे त्या माणसाकडून तीनदा वदवून घेतलं.

तिला कोंडून ठेवायचा त्यांचा विचार नव्हता. पाय बरे झाले की सोडायची, असंच ठरलेलं. दिवाळीनंतर तिला पोत्यात घालून ते बोरच्या डोंगरात गेले. संध्याकाळी परत आले ते सदऱ्याची बाही रक्ताने भरलेली आणि पोतं तसंच खांद्यावर. झालं असं, की पोत्यातून सुटल्यावर ती नेमकी झाडाकडे गेली. चढू लागली, पण मागचा पाय खोडाला धरेना. हातभर चढायची नि घसरायची. तेवढ्यात धनगरांच्या तळावरची दोन कुत्री आली. उकंडराव मध्ये पडले, आणि चावली ती घोरपडच.

"कुत्र्यानं सोडलं अन् तिनं धरलं," मी त्यांचा हात धुताना ते सांगत होते. "तिचं बराबर हाय. तिले काय मालूम कोण सोडवून राह्यला नि कोण मारून राह्यला?"

त्यानंतर ती कॉलऱ्याच्या खोलीतच राहिली. उंदीर, बेडूक, कोंबडीची अंडी असं खायची. थंडीत खाणं सोडून दगडासारखी पडली, तेव्हा त्यांनी पेशंटसाठी असलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्या दोन्ही अंगांना लावल्या. पण ती माणसाळली नाही. ते आत गेले की दरवेळी फुगायची आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा लांब फुत्कार सोडायची. आणि दिवसभर नाक दाराच्या फटीला घासायची. घासून घासून नाकाचा शेंडा सोलला, लाल मांस दिसायला लागलं. त्यांनी दाराच्या फळीवर गोणपाट ठोकलं, नाकाला मलम लावलं. ती गोणपाट फाडून पुन्हा घासू लागली.

"हे नाक पाह्यलं की मले लाज वाटते, बाई," एकदा ते म्हणाले. "वैदूनं तिले दोन-चार दिस बांधलं असन. मी जनमभरासाठी बांधली."

"मग सोडा."

"कुत्रे खातीन."

"मग ठेवा."

"म्हून तं लाज वाटते," ते म्हणाले.

दुसऱ्या श्रावणात एका सकाळी ते माझ्या दाराशी आले. चेहरा गंभीर. "चला बाई, तुमचं काम निघालं. मालगुजार बाळंत झाला."

खोलीच्या कोपऱ्यात माती उकरून तिने वीसेक अंडी घातली होती. पांढरी, मऊ सालीची. सव्वा वर्षात आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं की मालगुजार ही बाई आहे. बातमी तासाभरात गावभर झाली. पिठाच्या गिरणीत कोणी तरी बापूसाहेबांच्या गड्याला विचारलं, "काऊन बे, तुह्या मालकाले एकदम वीस पोरं झाले म्हणते?" दुसऱ्या दिवशी वाड्यावरून उकंडरावांना निरोप आला, जनावराचं नाव बदला. त्यांनी उलट निरोप दिला, "मी तं आजच बदलतो, पर गावाच्या तोंडाले पट्टी कोण लावन?"

त्यांनी ती अंडी घमेल्यात रेती घालून पुरली आणि घमेलं तिच्याच खोलीत उन्हाच्या चौकोनाजवळ ठेवलं. रोज सकाळी बोटाने रेती चाचपायचे. मी म्हटलं, "उकंडराव, नर नव्हता. ती फुटणार कशी?"

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "तिले मालूम नाई ना."

इथे मी गोष्ट थांबवत आले.

त्याच वर्षीच्या कार्तिकातली गोष्ट. बापूसाहेबांच्या सुनेचं बाळंतपण मी केलं होतं, नातू झाला होता, आणि मंगळवारी दुपारी चार वाजता त्याचं बारसं होतं. मला पाटावर बसवून लुगडं द्यायचं ठरलं होतं. गावात आल्यापासून माझा असा मान कोणी केला नव्हता. मी दोन दिवस त्याच नादात होते.

त्या मंगळवारी डॉक्टर नुकतेच परत गेले होते. गोंडांच्या टोलीवरची, गावाबाहेरच्या वस्तीतली सुमित्रा बैलबंडीत घालून आणली. कापूस वेचतानाच कळा सुरू झालेल्या. बरोबर सासू. तिसरी खेप होती. मी तपासलं आणि म्हटलं, अजून वेळ आहे.

उकंडराव शेजारच्या गावी मलेरियाच्या गोळ्या वाटायला निघाले होते. जाता जाता त्यांनी विचारलं, "बाई, पातेलं चढवून जाऊ काय?"

"जा तुम्ही. मी चढवते."

ते गेले. मी मागच्या माझ्या खोलीत गेले आणि न्हायले. केस वाळवले, अंबाडा घालत बसले. पातेलं चढवायला उठायचं होतं, पण आधी हे, मग ते, असं करत राहिले. साडेतीनला सुमित्राची सासू धावत आली. "बाई, चाल वो, डोकं दिसून राह्यलं!"

फळीवर पातेलं पालथं होतं. वर फडक्याची घडी. मी कात्री आणि हातमोजे लायसॉलच्या पाण्यात बुचकळले नि काढले. मुलगी झाली, लगेच रडली. पण वार अडकली आणि मला हात आत घालावा लागला. सव्वाचारला सगळं आटोपलं. साडेचारला मी बापूसाहेबांकडे पाटावर बसले होते आणि बायका माझी ओटी भरत होत्या.

सुमित्राच्या जागी बापूसाहेबांची सून असती तर मी केस विंचरायला गेले असते का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणूनच विचारला नाही.

शुक्रवारी सकाळी सुमित्राचं अंग तव्यासारखं तापलं. डॉक्टर आले. तरुण होते, कामाचे होते, वाईट मुळीच नव्हते. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"कात्री, हातमोजे उकळले होते?"

"हो."

"पूर्ण वीस मिनिटं?"

"हो."

उकंडराव पलीकडच्या टेबलाशी पट्ट्या कापत होते. त्यांच्या कात्रीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी त्या बाजूला पाहिलं नाही.

दारात सुमित्राची सासू उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "साहेब, त्या खोलीत ते जनावर हाय ना. रातभर भिंत खरवडते. माह्या सुनेले त्याचा फुत्कार लागला."

फुत्कारावर डॉक्टरांचा विश्वास नव्हता. पण त्यांनी ती खोली उघडायला लावली. आतला वास आला, कोपऱ्यात मेलेला उंदीर दिसला. ते बाहेर आले तेव्हा रागाने लाल झाले होते. "बाळंतिणीच्या भिंतीला लागून ही घाण? आणि याच हातांनी तुम्ही सुया हाताळता, उकंडराव? सेप्टिक झालं त्यात नवल काय!"

उकंडरावांच्या जागी दुसरं कोणी असतं तर एक बोट माझ्याकडे केलं असतं. ते टोपी काढून हातात धरून उभे होते. "चूक झाली साहेब," ते म्हणाले.

"संध्याकाळच्या आत हे जनावर इथून गेलं पाहिजे. आणि मला हे वर कळवावं लागेल."

"हो साहेब."

आमच्याकडचं पेनिसिलिन संपलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. मोटारीने कोणी गेलं असतं तर औषध दुसऱ्या दिवशी हाती आलं असतं. उकंडरावांनी सायकल काढली. वर्ध्याला जाऊन येऊन तीसेक मैल. निघताना त्यांनी कॉलऱ्याच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

"सांजच्याले मीच तिले नेतो जंगलात. कुत्र्यायपासून दूर, एखादं वारूळ पाहतो. तोवर कोणाले देजा नोको."

"नाही देणार," मी म्हटलं.

तीनच्या सुमारास बापूसाहेबांचे दोन गडी आले. एकाच्या हातात पोतं, दुसऱ्याच्या हातात काठी.

"बाई, जनावर हलवाचा हुकूम हाय म्हणते डॉक्टरसाहेबाचा. मालकानं आमाले धाडलं."

"उकंडराव येऊ द्या. ते नेणार आहेत."

"त्यायले यायले रात होईन. तिकडं टोलीवरचे लोक तापून राह्यले. ते इथं आले तं जनावराले इचारणार नाईत. तुमाले इचारतीन, बाळंतपण कसं केलं म्हून."

तो गडी मला धमकावत नव्हता. माझ्या काळजीनेच बोलत होता. पण त्याचं शेवटचं वाक्य मला आत कुठे तरी जाऊन लागलं. मला वाटलं, जनावर गेलं की विषय मिटेल. सगळ्यांना कारण सापडलेलं आहे, ते कारण घेऊन सगळे घरी जातील. मी किल्ली दिली.

दार उघडायलाही मी थांबले नाही. बाळंतिणीच्या खोलीत गेले आणि सुमित्राच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत बसले. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. तो लांब फुत्कार, शेपटीचे दाराच्या फळीवर फटके, पाण्याचं टमरेल कलंडलं त्याचा आवाज. मग काठीचे फटके. ते बराच वेळ चालले. घोरपड लवकर मरत नाही.

सुमित्राने तापात डोळे उघडले. "काय होऊन राह्यलं वो बाई?"

"काही नाही," मी म्हटलं. "नीज तू."

दिवेलागणीला उकंडराव आले. पेनिसिलिनच्या बाटल्या ओल्या रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवलेल्या. डबा माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "सुई उकळली काय?"

"उकळली."

त्यांनी स्टोव्हकडे मान वळवून पातेल्याची वाफ पाहिली. माझ्या शब्दावर न विसंबता स्वतः बघून घेण्याची ती पहिलीच वेळ. मी इंजेक्शन दिलं. मग ते पलीकडे गेले.

मी वाट बघत होते की ते ओरडतील, मला हाक मारतील. थोड्या वेळाने खराट्याचा आवाज आला, मग फिनेलचा वास. त्यांनी खोली झाडली, धुतली, भिंतीला हात पुरेल तिथपर्यंत पुसून काढली. नंतर रेतीचं घमेलं उचलून मागच्या बाजूला नेलं. रिकामं घमेलं घेऊन परत आले आणि जेवण न करता पडवीत आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी वाड्याकडून चरबी कढवल्याचा वास दवाखान्यापर्यंत येत होता. दहाच्या सुमारास तोच गडी आला आणि म्हणाला, "कंपाउंडरजी, मालकानं रिकाम्या बाटल्या मांगतल्या. तेल भरून ठेवाचं हाय." मी आत होते. मला वाटलं, आता उकंडराव त्याच्या अंगावर जातील. उकंडरावांनी फळीवरून तीन बाटल्या काढल्या. राख लावून धुतल्या, गरम पाण्याने विसळल्या, उन्हात उपड्या ठेवून वाळू दिल्या, प्रत्येकीला बसेल असं बूच शोधलं, आणि दिल्या.

सुमित्राचा ताप पाचव्या दिवशी उतरला. दूध मात्र आटलं. मुलगी शेळीच्या दुधावर वाढली. महिन्याच्या आत सुमित्रा पुन्हा कापूस वेचायला गेली, आणि गावात सगळ्यांचं एकमत झालं की जनावर गेलं नि ताप गेला.

पुढच्या महिन्यात उकंडरावांना कामावरून कमी केल्याचा कागद आला. अठरा वर्षांची नोकरी. एक ट्रंक, एक वळकटी, सायकल. ते सामान बांधत होते तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. आठवडाभर मनात जुळवलेलं वाक्य होतं, ते काही केल्या येईना. "भाऊ, त्या दिवशी मी..." एवढंच म्हणाले.

"मले मालूम हाय," ते वळकटीचा कासरा ओढत म्हणाले. "मी त्या मंगळवारी सांजच्याले आलो तं पातेलं पालथं व्हतं. माह्या हाताची घडी तशीच."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

त्यांनी गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिलं. "ह्या गावाले नर्स याले तीन सालं लागले, बाई. तुमी येच्या आंधी बाया घरच्या खाटेवर मरत व्हत्या. तुमाले काढलं असतं तं आणखी तीन सालं कोणी आलं नसतं. कंपाउंडर काय, सतरा भेटतीन."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. सायकलला ट्रंक बांधून झाल्यावर, जायला निघताना, मागे न वळता ते म्हणाले, "किल्ली मात्र द्याले नोको व्हती."

त्यांच्या तोंडून मला दोष देणारं एवढंच वाक्य मी ऐकलं.

मी धामणखेड्यात आणखी पाच वर्षं काढली. दर वेळी वीस मिनिटं धरली. डॉक्टर बदलले, दोन कंपाउंडर आले नि गेले. खरं काय घडलं ते मी कोणालाही सांगितलं नाही. वर कळवायला चार ओळी पुरल्या असत्या, आणि कदाचित उकंडरावांना परत घेतलंही असतं. एकदा कागद घेऊन बसले होते. तारीख लिहून उठले.

त्यांची शेवटची भेट सेलूच्या मोटार स्टँडवर झाली. वर्धा तेव्हा मुंबई राज्यात गेलं होतं. बाजारचा दिवस, उन्हाची वेळ, मोटारीला ही गर्दी. मागून हाक आली, "सिस्टरबाई!" उकंडराव. केस पिकलेले, एका खासगी डॉक्टरकडे कंपाउंडरी करत होते. बरोबर त्यांची बायको होती. तिला मी प्रथमच पाहत होते. वाळलेली, डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी.

"अवं, ह्याच त्या धामणखेड्याच्या बाई," ते तिला उत्साहाने सांगू लागले. "मी सांगत नव्हतो काय तुले? यायच्या हातची एक बाळंतीण दगावली नाई. एक नाई! अशी नर्स जिल्ह्यात नाई भेटाची."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्यात टोमणा शोधला. तो मला सापडला नाही. त्यांची बायको पुढे आली आणि मला काही कळायच्या आत माझ्या पायांना हात लावून नमस्कार केला. वयाने माझ्या आईएवढी बाई. मी तिला उठवायला वाकले, आणि आता बोलायचंच असं ठरवून म्हटलं, "उकंडराव, ह्यांना सांगा तरी की मी..."

"मोटार लागली, मोटार लागली," ते म्हणाले, आणि माझी पिशवी घेऊन गर्दीत घुसले. मी त्यांच्या मागे चढले तर ते आत बाकाशी उभे होते आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगत होते, "उठ बाप्पा, सिस्टरबाईले बसू दे. लय मोठ्या बाई हायत."

म्हातारा उठला. उकंडरावांनी माझी पिशवी बाकाखाली सरकवली, मला हात जोडले आणि वाट काढत खाली उतरले. खिडकीतून मला दिसत होतं, ते बायकोच्या हातातली भाजीची पिशवी घेऊन उन्हात चालायला लागले होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. म्हातारा वर्ध्यापर्यंत माझ्याशेजारी दांडी धरून उभा राहिला, आणि मी बसले होते.